परसातील अनोळखी अंजीर

(शास्त्रपाठ : योहान १:४५–५१, लूक १३:६–९)



फिलिप्पाने बोलाविण्यापूर्वी नथनेल अंजिराच्या झाडाखाली होता, हे योहानाने मुद्दाम लिहून ठेविले आहे. ते झाड कोणत्या जातीचे होते हे त्याने लिहिले नाही, आणि नथनेलानेही ते विचारले नसावे. त्याची चौकशी निराळीच होती. नासरेथासारख्या गावातून काही चांगले निघेल काय, असे त्याने विचारिले. म्हणजे माणूस पाहण्यापूर्वी त्याचे मूळ पाहिले. आज आम्ही ह्या उताऱ्याकडे वळलो त्याचे कारण आमच्या पाळकगृहाच्या परसात उभे आहे.

ते एक अंजिराचे झाड आहे. आमच्या आधीच्या पाळकसाहेबांच्या वेळी कोणा पाहुण्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून चार छाट आणिले होते. तीन वाळले, एक जगला. पाहुणा कोण, कोठला, कोणाच्या मळ्यातून त्याने ते तोडिले, हे सांगणारे आता मंडळीत कोणी उरलेले नाही. बी पेरून उगवलेले अंजिराचे रोप आईबापांहून वेगळे निघू शकते. परंतु छाटापासून वाढलेले झाड हे मूळ झाडाचाच अंश असते, फळ, पान, चव सारे तेच. तेव्हा देणाऱ्याचे झाड ठाऊक असते तर आमचा प्रश्न एका क्षणात सुटला असता.

ही रीत फार जुनी आहे. यार्देनेच्या खोऱ्यात, यरीहोजवळच्या गिलगाल नावाच्या स्थळी सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीची करपलेली नऊ लहान अंजिरे सापडली, आणि ती छाट लावून वाढविलेल्या झाडांची असावी, असे मत विद्वानांनी २००६ साली प्रसिद्ध केले. सर्वांस ते मान्य नाही. पण अंजिराचा छाट हातोहाती फिरत आला आहे यात शंका नाही, आणि हातोहाती फिरताना झाडाचे नाव वाटेत गळून पडते. कधी एकाच झाडास चार गावी चार नावे मिळतात. कधी उलट होते : इंग्लंडात ‘ब्राऊन टर्की’ म्हणतात तो अंजीर वेगळा, आणि कॅलिफोर्नियात त्याच नावाने विकतात तो वेगळा. १९५५ साली आयरा कॉन्डिट ह्या अभ्यासकाने अंजिराच्या सहाशेंहून अधिक जातींचे वर्णन एकत्र केले. त्यात एका काळ्या अंजिराचे नावच ‘मिशन’ आहे. १७६९ पासून कॅलिफोर्नियात स्थापिलेल्या स्पॅनिश मिशनांच्या बागांतून तो पसरला. नावात मिशन आहे म्हणून त्याची गोडी वाढत नाही, हे आम्ही मिशनच्या आवारात राहणाऱ्यांनी जरा लक्षात ठेवावे.

आम्ही प्रथम पानावरून जात ठरवू गेलो. एका रोपवाटिकेच्या मालकाने पान हातात घेताच ‘पुणे अंजीर’ असे सांगितले, आणि आम्ही एक पाटी रंगवून झाडास टांगिली. पुढे पाहतो तो एकाच फांदीवर एक पान तीन बोटांचे, दुसरे पाच बोटांचे, आणि बुंध्याकडचे एक तर अखंड! त्यातच तांबेरा पडून निम्मी पाने गळाली. झाड कोवळे असता पान एक रूप दाखविते, मोठे झाल्यावर दुसरे. फळाची खूण तेवढी भरवशाची, आणि तीही पक्व फळाची. अंजीर हिरवे तोडिले तर देठातून चीक येतो आणि मग ते घरात ठेवून गोड होत नाही. मान लवली, अंग मऊ झाले, चीक आटला, म्हणजे ते पाहावे : सालीचा रंग कोणता, गर कोणत्या रंगाचा, तळाचे छिद्र उघडे की मिटलेले, देठ आखूड की लांब, खट्टा बहार अधिक की मीठा. हे सर्व एका हंगामात कळत नाही. उंबराचे फूल कोणास दिसत नाही असे आपण म्हणतो. अंजीर त्याचाच भाऊबंद, त्याचीही फुले फळाच्या पोटात दडलेली.

तिसऱ्या वर्षी फळे धरली, आणि सुपारीएवढी होऊन सगळी गळून पडली. आम्ही कुऱ्हाड मागविली. आमच्या सहधर्मचारिणीने ती परत पाठविली आणि एवढा एक पावसाळा जाऊ द्या म्हणून सांगितले. लूकाने लिहिलेल्या दाखल्यातील माळ्याचेच हे बोलणे. त्या धन्यानेही तीन वर्षे वाट पाहिली होती, माळ्याने आणखी एक मागून घेतले, भोवती खणून खत घालीन म्हणाला. पुढे फळ आले की नाही हे प्रभूने सांगितले नाही, हे आम्हांस दर वेळी नव्याने खटकते.

अशा गळलेल्या फळांची एक मोठी गोष्ट आहे. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राने स्मर्नाहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीरहून, अंजिराचे हजारो छाट मागवून लोकांत वाटिले. झाडे वाढली, फळे धरली, आणि सर्व गळाली. लोकांस वाटले, स्मर्नाच्या लोकांनी आपणांस फसविले, खोट्या जातीचे छाट दिले. पुष्कळांनी झाडे उपटून टाकिली. वस्तुतः छाट खरेच होते. त्या जातीच्या फळास रानटी नर अंजिरातून येणाऱ्या एका चिमुकल्या गांधीलमाशीची गरज असते. ती १८९९ साली तेथे रुजविल्यावर राहिलेली झाडे फळांनी लवली. उपटलेल्यांचे काय? खोटे झाड म्हणून ती जळणात गेली होती.

येथे आम्हांस आमची एक चूक सांगणे भाग आहे. गेल्या वर्षी मंडळीतील एका तरुणाच्या सोयरिकीचा प्रश्न निघाला. तो लहानपणापासून एका अनाथ वसतिगृहात वाढलेला. आईबाप ठाऊक नाहीत. मुलीकडील वडील माणसे आमच्याकडे येऊन विचारू लागली, मुलगा मूळचा कोण? आणि आम्ही, ज्यांनी ख्रिस्तात कोणाचे कूळ पाहू नये असे व्यासपीठावरून कितीदा तरी सांगितले, तेच आम्ही वसतिगृहास पत्र लिहिण्यास बसलो. सहा वर्षे तो आमच्या डोळ्यांसमोर होता. आजाऱ्यांस दवाखान्यात नेणारा तोच, रविवारच्या शाळेतील मुलांस शिकविणारा तोच; ह्या अंजिरास उन्हाळाभर पाणी घालणाराही तोच. एका संध्याकाळी बादली खाली ठेवून त्याने विचारिले, “पाळकसाहेब, पत्राचे उत्तर आले का?” आम्हांस वर पाहवेना.

उत्तर आले नाही. त्यापूर्वीच मुलीची आजी, अक्षरओळख नसलेली बाई, एकटी उठून त्याच्या खोलीवर गेली, बसली, त्याने केलेला चहा प्याली, शेजारणींशी बोलली, आणि घरी येऊन होकार देऊन मोकळी झाली. फिलिप्पाने नथनेलाशी नासरेथाविषयी वाद घातला नाही. बरोबर येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहा एवढेच त्याने सांगितले. त्या आजीला कोणी एवढेही सांगावे लागले नाही. आणि नथनेल प्रभूपर्यंत पोहोचला तेव्हा त्याला कळले की आपण ज्याची पारख करावयास निघालो, त्याने आपणांस झाडाखाली असतानाच ओळखिले होते. वैशाखात लग्न लागले.

झाडाचे म्हणाल तर पाचव्या वर्षी फळ टिकले. साल पिकल्यावरही हिरवीच, गर लाल. पुणे अंजिराच्या सालीवर जांभळी झाक असते. पुरंदरच्या ज्या अंजिरास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तो ह्याच वाणाचा. तेव्हा आमची पाटी खोटी ठरली व आम्ही ती काढिली. हिरव्या सालीच्या जाती तर जगात पुष्कळ आहेत. आता प्रयोगशाळेत झाडाच्या अंशावरून आनुवंशिक तपासणी होते असे एका कृषिपदवीधर बंधूने सांगितले. पण तीही आपले झाड ज्ञात झाडांशी ताडून पाहते, आणि जोडीचे झाड त्यांच्या संग्रही नसेल तर नाव तिलाही सांगता येत नाही. आम्ही तूर्त तो खर्च केलेला नाही.

पावसाळ्यापूर्वी त्या नवदांपत्याने दोन छाट मागून नेले. दोन्ही फुटले आहेत. आणखी कोणास हवे असल्यास पेन्सिलीएवढ्या जाडीचे, चार-पाच डोळ्यांचे छाट आम्ही देऊ. ओले गोणपाट ज्याचे त्याने आणावे. आणि एखाद्या उपदेशक बंधूच्या गावी असेच हिरव्या सालीचे, लाल गराचे, देठाशी आखूड मानेचे झाड असेल, तर मीठ्या बहारात, फळे पिकलेली असता, त्यांनी आमच्याकडे यावे. दोन्ही फळे एका ताटात चिरून पाहू.