दोन चिठ्ठ्या

हदगावच्या शिवारात सोयाबीनची रास झाली होती. आखाड्यावर बाजेवर पडून नातू मोबाईलवर खेळत होता. आबा दुपारपासून गप्प बसून होते.

"काय करायलास रे?"

"इमानं पाडायलो, आबा. एकशेवीस झाली बघा!"

आबा इतिहासाचे मास्तर होते. म्हणाले, "एकशेअठ्ठावन्न पाडणाऱ्याची गोष्ट सांगू का?"

पोरगं उठून बसलं.

"हान्स-योआखिम मार्सेय. बर्लिनचा, जन्म 1919 चा. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटावर लढला. 1 सप्टेंबर 1942 ला एका दिवसात 17 विमानं पाडल्याची नोंद आहे त्याच्या नावावर."

"सतरा! मग?"

"मग त्याच महिन्याच्या 30 तारखेला गेला. शत्रूची गोळी लागली नाही. नव्या विमानाच्या इंजिनातून धूर निघाला, काही दिसेना. उडी मारली तर विमानाची शेपटी छातीवर बसली, पॅराशूट उघडलंच नाही. बावीस वर्षांचा होता. तुझ्या थोरल्या दादाएवढा."

पोरानं मोबाईल उलटा ठेवला.

"तो ज्या हिटलरसाठी लढला, त्याचं राज्य पापी होतं. ते विसरायचं नाही. पण मला त्याची आठवण राहिली ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. 1941 च्या सप्टेंबरात पॅट बायर्स नावाचा शत्रूचा वैमानिक त्यानं पाडला. ऑस्ट्रेलियन तुकडीतला. बायर्स फार भाजला होता, जर्मनांच्या ताब्यात होता. त्याच्या माणसांना कसं कळावं तो कुठं आहे? मार्सेय स्वतः विमान घेऊन शत्रूच्या तळावर गेला. खालून तोफा चालू. त्यातून चिठ्ठी टाकली, तुमचा माणूस आमच्याकडं आहे, उपचार चालू आहेत म्हणून. काही दिवसांनी बायर्स वारला. हा परत गेला. दुसरी चिठ्ठी टाकली. पुढं वरिष्ठांनी असं करायला बंदी घातली, तरी तो जात राहिला."

"ज्याला पाडलं, त्याच्यासाठीच?"

"त्याच्यासाठीच. आपल्या मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर घे. केंब्रिजला शिकलेला, पहिल्या महायुद्धात इंग्रजांकडून विमान चालवायचा. 1918 च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये पडला, जर्मनांच्या कैदेत 30 जूनला वारला. तेविसाव्या वर्षी. कबर तिकडंच हांगार्डला आहे. इतक्या लांबून घरच्यांना एक ओळ कळणंसुद्धा केवढं असेल! म्हणून सांगतो, भांडण कितीही असू दे, माणसाच्या घरचा निरोप अडवू नये."

पोरगं जरा वेळ बांधाकडं बघत राहिलं. पलीकडच्या आखाड्यावर दिवा लागला होता. त्या घराशी आठ वर्षं बोलणं नव्हतं. बांध कोरल्यावरून कोर्टात केस होती.

"आबा, दुपारी तुम्हाला फोन आला होता ना? या पलीकडच्यांचा फोन लागंना, त्यांच्या लेकीला नांदेडच्या दवाखान्यात नेलंय म्हणून."

आबांनी मान खाली घातली. चार तास झाले होते. आपण का जावं, दुसरं कुणी सांगेल, अशी मनाची समजूत घालत ते बसले होते. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस, पण पायात चप्पल घालायला त्यांना नातवाचा प्रश्न लागला.

"बॅटरी घे," ते म्हणाले.

दोघं बांध ओलांडून गेले. शेजारी दारात येऊन थबकला. आबांनी राम राम केला नाही, केसचं बोलले नाहीत. सरळ म्हणाले, "लेकीला नांदेडला नेलंय. मला दुपारीच कळलं होतं. उशीर माझ्यामुळं झाला."

त्या रात्री आबांच्या मुलानं शेजाऱ्याला मोटरसायकलवर बसवून वारंगा फाट्यावरून नांदेडला पोचवलं. बांधाची केस अजून कोर्टात आहे.