‘पीडीएफ पाठव ना!’

परीक्षा जवळ आली की आमच्या हिंगोलीच्या वर्गाच्या ग्रुपवर हीच मागणी. ही चोरी का? दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सवाल्यावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारखे प्रकाशक खटला घेऊन गेले. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यापुरत्या निवडक पानांची झेरॉक्स कायद्यात बसते म्हटलं. आमच्याकडे अख्खं पुस्तक फिरतं, तेही मराठी, लेखक शेजारच्या कॉलेजातले सर. ऑक्सफर्डला शंभर प्रती कमी खपल्याचं कळतही नसेल. मराठी प्रकाशकाची आवृत्तीच अडकते.

छापील पुस्तक ज्युनिअरला दिलं की माझ्याकडे उरत नाही. पीडीएफ देऊनही उरते, म्हणून तिच्यात औदार्य कसलं? मी एका प्रकरणाचे फोटो पाठवते. बाकीचं ‘घरी येऊन वाच’. यावर सेनगावची मैत्रीण विचारते, “अर्धं का होईना, एसटीचं तिकीट तू काढणार का?”