वीणेचा पहारा



श्रीचरणी येणाऱ्या प्रत्येकाचे मागणे निराळे असते. एखादी माउली पतीला घेऊन गाभाऱ्यासमोर उभी राहते व म्हणते, "देवा, यांची दारू सुटू दे." पती पायरीवर मस्तक टेकवून शपथ घेतो, तुळशीची माळ धारण करतो. काही दिवस शपथ टिकते. मग एका सायंकाळी ती मोडते. त्यानंतर तो गृहस्थ देवळाची वाटच सोडतो. 'देवाची शपथ मोडली, आता कोणत्या तोंडाने जाऊ?' ही लाज त्याला देवापासून व सज्जनांपासून दूर नेते, आणि एकाकी पडलेला जीव पुन्हा व्यसनाच्याच दारी जातो.

अशा वेळी अखंड हरिनाम सप्ताहातील वीणा आठवावी. सात अहोरात्र ती भूमीवर ठेवली जात नाही. मग एकच वारकरी ती सात दिवस गळ्यात घेऊन उभा असतो काय? नाही. प्रत्येकाचा पहारा ठरलेला असतो. आपला पहारा संपला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो व त्याच्या पाया पडतो. अखंडता एकट्याच्या बळाने नव्हे, सर्वांच्या पाळीने राखली जाते.

व्यसनमुक्तीचेही तद्वतच आहे. 'जन्मभर पिणार नाही' हे ओझे एकट्याला पेलवत नाही. 'आज पिणार नाही' हा एक पहारा मात्र देता येतो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या चळवळीत व्यसनातून बाहेर पडू पाहणारी माणसे एकत्र बसतात, मन मोकळे करतात व 'फक्त आजचा दिवस' एवढाच संकल्प करतात. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्रातही अशा परस्पर आधाराला मोठे स्थान आहे. आपल्या संतांनी सत्संगाचा महिमा सांगितला, तो याचसाठी. सायंकाळी पावले गुत्त्याकडे वळू लागतात. नेमकी तीच हरिपाठाची वेळ असते. त्या वेळी हाती टाळ असावेत व शेजारी सोबती असावा.

तथापि एक विवेक राखावा. व्यसन हा आजार आहे. वर्षानुवर्षे नित्य भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास हातापायांना कंप सुटणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात. क्वचित प्राणावरही बेतते. म्हणून वैद्यकीय उपचारांसहच मद्य सोडावे. माळ व औषध यांत विरोध नाही. मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

कुटुंबीयांना व ग्रामस्थांना विनंती की, घसरलेल्यास हिणवू नये. तो देवळाच्या दारात दिसला तर 'पुन्हा आलास का?' असे न म्हणता 'ये माउली, बैस' असे म्हणावे. पंगतीत त्याला आपल्या शेजारी जागा द्यावी व वाढपाची सेवा त्याच्याकडे सोपवावी.

आणि ज्याची शपथ मोडली आहे, त्याने एवढेच ध्यानी धरावे. वीणा हातून खाली ठेवली गेली असेल, तर ती उचलावी, मस्तकी लावावी व पुन्हा गळ्यात घालावी. पांडुरंग विटेवर उभाच आहे. आजचा पहारा आपला आहे.

रामकृष्ण हरी!