यंत्राची कमाई आणि म्हातारपणाची भाकरी



आपल्या शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सारे गाव मागाच्या खडखडाटावर जगू लागले. साध्या मागाला धोटा लागतो आणि धोट्यात कांडी. कांड्या भरण्याचे काम बहुतेक बायका करीत. आता आलेल्या एअरजेट मागाला धोटाच नाही. हवेच्या झोताने आडवा धागा जातो. कापड जास्त निघते, हात थोडे लागतात आणि अशा कारखान्यात कांडीवालीला कामच उरत नाही.

म्हणून यंत्राला दोष द्यावा का? नाही. कष्ट कमी झाले तर चांगलेच. शिवाय घरोघरी मुले कमी झाली आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत. उद्या म्हातारे जास्त आणि कमावते थोडे असतील. तेव्हा थोड्या हातांनी जास्त पिकवावे लागेल.

खरा प्रश्न पुढे आहे. आपल्याकडे म्हातारपणाचा आधार मजुरीवर उभा आहे. मुलाच्या पगारातून आईबापांचे औषध येते. कामगार पेन्शनसाठी मालक भरतो ती वर्गणीही पगारावरच. यंत्राला पगार नाही, त्याची वर्गणीही नाही. या पेन्शनची किमान रक्कम २०१४ मध्ये महिना १००० रुपये ठरली; कितीतरी कांडीवाल्यांना तीही नाही.

मालकाने कर्ज काढून यंत्र घेतले, मग नफा त्याचाच, असे कोणी म्हणेल. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही (मत्तय २०) पैसा धन्याचाच होता. पण संध्याकाळपर्यंत चौकात उभे राहिलेले लोक आळशी नव्हते, त्यांना कोणी कामाला बोलावलेच नव्हते, हे त्याने ओळखले. त्याने त्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली. काम तासाभराचे असले तरी भूक तासाभराची नसते.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या हक्कांवर विश्वपत्र लिहिले. २०२५ मध्ये नव्या पोपमहाशयांनी लिओ हेच नाव घेतले, ते यंत्रबुद्धीच्या या काळात तीच काळजी मनात ठेवून.

नवा माग घेताना मालक त्याचा हप्ता मोजतो. ज्या हातांच्या कमाईवर तो इथवर आला, त्यांच्या म्हातारपणाचा वाटाही त्याच हिशेबात मांडायला हवा. आणि आपण? आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या म्हातारपणाची सोय काय, हे आज घरी गेल्यावर त्यांना एकदा विचारू या.