मागील पानावरून पुढे

आशा आणि अपेक्षा हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. वास्तविक दोघींची खाती वेगळी, लेजरे वेगळी आणि व्याजाचे दर तर फारच वेगळे. पाऊस पडावा ही आशा. दिवाळसणाला सासरेबुवांनी अंगठी घालावी ही अपेक्षा. पाऊस पडला नाही तर आपण आभाळाकडे पाहून गप्प बसतो. अंगठी आली नाही तर गप्प बसत नाही. आशा ही ठेव आहे; अपेक्षा म्हणजे वटवायला आणलेला चेक. आता गेली वीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसणारा माणूस म्हणून मला एवढे ठाऊक आहे, की चेक घेऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो : खात्यात शिल्लक आहे का?

हा प्रश्न मला फुटबॉलमुळे पडला. माझा आणि फुटबॉलचा संबंध आमच्या भाच्यापुरताच. तो २०१६ साली शिकायला म्हणून इंग्लंडातल्या संडरलँड या गावी गेला. आमच्या ताईने ते 'सुंदरलँड' असे ऐकले आणि शेजारीपाजारी तसेच सांगितले. गाव ईशान्य किनाऱ्यावरचे, वेअर नदीच्या मुखाशी. एकेकाळी कोळसा आणि जहाजे यांवर जगणारे. शेवटचा जहाजबांधणीचा कारखाना १९८८ मध्ये बंद झाला, मंकवेअरमाउथची कोळशाची खाण १९९३ मध्ये बंद झाली, आणि त्या खाणीच्याच जागेवर १९९७ मध्ये फुटबॉलचे भले थोरले मैदान उभे राहिले. नाव 'स्टेडियम ऑफ लाइट'. बाहेर खाणकामगारांच्या दिव्याचे शिल्प आहे. म्हणजे गावाकडे पूर्वी तीन गोष्टी होत्या, त्यांतल्या दोन गेल्या. उरला तो क्लब.

आणि नेमका भाचा तिथे पोचला त्या मोसमात क्लबही खाली गेला. वीस संघांत विसावा, अडतीस सामन्यांत चोवीस गुण.

'खाली गेला' म्हणजे काय हे आधी सांगायला हवे. आपल्याकडे नापास झालेला मुलगा त्याच वर्गात पुन्हा बसतो. इंग्लंडातल्या फुटबॉलमध्ये त्याला खालच्या वर्गात नेऊन बसवतात. दरवर्षी तळाचे तीन संघ खाली आणि खालचे तीन वर. नाही म्हणायला, घसरलेल्याचे हाल होऊ नयेत म्हणून वरच्या वर्गाच्या टीव्हीच्या उत्पन्नातल्या समान वाट्यापैकी पहिल्या वर्षी पंचावन्न टक्के, दुसऱ्या वर्षी पंचेचाळीस आणि तिसऱ्या वर्षी वीस टक्के त्याला मिळत राहतात. याला ते पॅराशूटचे पैसे म्हणतात. विमानातून ढकलायचे, पण छत्री देऊन! आमच्याकडे सस्पेंड झालेल्या माणसाला निर्वाहभत्ता देतात, त्याच जातीची ही सोय. फरक इतकाच, की आमच्याकडे काळ जातो तसा भत्ता वाढतो आणि त्यांच्याकडे घटतो. तेवढा त्यांचा व्यवहार चोख.

संघ खाली गेला त्या रात्री भाच्याचा फोन आला. ताईला वाटले, परीक्षेचे काही झाले.

"मामा, आम्ही उतरलो."

"कुठे?" मी विचारले. मला वाटले विमानतळावर.

"खाली. पण पुढच्या वर्षी परत वर येतो बघा आम्ही."

आता गंमत पाहा. गावात येऊन याला पुरते वर्ष झाले नव्हते. भाडे थकलेले, कांदा महाग म्हणून तक्रार चालू. पण 'आम्ही'! मी कॉमर्सचा पदवीधर. भागधारक, संचालक, कर्जदार, जामीनदार या सगळ्यांच्या व्याख्या मला पाठ आहेत. यातल्या कुठल्याच व्याख्येत तो बसत नव्हता. तरीही तोटा मात्र त्याचा झालेला होता. ताळेबंदात ज्याचे नाव कुठेच नाही असा एक माणूस सर्वांत जास्त बुडतो, हे मला कॉलेजात कोणी शिकवले नव्हते.

बरे, 'पुढच्या वर्षी परत येतो' या म्हणण्याला आधार काय? आधार होता. शेजारचे न्यूकॅसल. दोन्ही गावांत अंतर जेमतेम वीस किलोमीटर आणि वैर मात्र भाऊबंदकीतले. ते न्यूकॅसल २०१६ मध्ये खाली गेले आणि २०१७ मध्ये पहिला नंबर काढून परत वर आले. म्हणजे हे उतरत होते तेव्हा ते जिन्यात समोरून चढत होते. शेजाऱ्याच्या मुलाला जमले ते आपल्या मुलाला का जमू नये, या तर्कशास्त्रावर आपल्याकडे निम्मे क्लासेस चालतात.

प्रत्यक्षात पुढच्या वर्षी संडरलँड वर आले नाही. आणखी एक पायरी खाली गेले. दुसऱ्या वर्गातही शेवटचा नंबर. २०१८ मध्ये ते तिसऱ्या वर्गात जाऊन बसले. एव्हाना भाचा पुण्यात परत येऊन नोकरीला लागला होता. मी त्याचे सांत्वन करायला गेलो, तर हा आधीच सावरलेला.

"मामा, तिसऱ्या वर्गात आमच्याएवढा मोठा क्लब कोण आहे सांगा! एका वर्षाचा प्रश्न आहे."

इथे मला पहिल्यांदा नैतिक शंका आली. घराणे मोठे, यात वाद नाही. हा क्लब सहा वेळा इंग्लंडचा विजेता झालेला. शेवटचा १९३६ मध्ये. १९७३ मध्ये दुसऱ्या वर्गात असताना बलाढ्य लीड्सला हरवून त्यांनी एफ.ए. कप जिंकला, तो पराक्रम तिथली म्हातारी माणसे अजून सांगतात. पण पणजोबा दिवाण होते म्हणून कोणी आपल्याला रेशनच्या रांगेत पुढे सोडते का? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण दुसऱ्याबद्दल वापरतो. स्वतःबद्दल बोलताना तिलाच परंपरा म्हणतो.

आमच्या बँकेत मुख्य कचेरीतून तालुक्याच्या शाखेत बदली होऊन आलेला साहेब मी पाहिलेला आहे. तो वळकटी सोडत नाही. भिंतीला खिळा मारत नाही. "मी काय, इथला चार दिवसांचा पाहुणा!" असे चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकवतो. आणि तो चहा आणून देणारा शिपाई त्याच शाखेत अठरा वर्षे आहे. साहेबाच्या वाक्यात आपला काय अपमान झाला हे त्याला नीट सांगता येणार नाही, पण चहात साखर एक चमचा कमी पडते.

संडरलँड त्या तिसऱ्या वर्गात आले, त्याच मोसमात अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली नावाचा एक छोटा संघ खालून चढून त्याच वर्गात आला होता. मैदानात माणसे मावणार पाचेक हजार. त्यांच्या दृष्टीने तो वर्ग म्हणजे एव्हरेस्ट. तीच पायरी, तोच दगड. एकजण त्यावर उभा राहून ढोल वाजवतो आहे आणि दुसरा त्याच्याच शेजारी बसून कपाळाला हात लावतो आहे. 'ही जागा आमची नव्हे' असे म्हणताना, ज्यांची ती जागा आहे ते शेजारीच उभे आहेत, एवढे तरी भान हवे की नको? मला वाटते, अपेक्षेतला दोष इथे आहे. तिला फक्त वर पाहता येते, बाजूला पाहता येत नाही.

मग मी भाच्याला गीता सांगितली. हे मामांचे कर्तव्यच असते. "बाबा रे, भगवंतांनी सांगितले आहे, कर्म करावे, फळाकडे पाहू नये."

तो म्हणाला, "मामा, ते अर्जुनाला. तो खेळणारा होता. मी कुठे खेळतो? माझ्या हातात कर्मच नाही. फळच आहे फक्त. तेही काढून घेतलंत तर मी उरलो कुठे?"

मी गप्प झालो. भगवंतांनी उपदेश केला तो मैदानातल्या माणसाला. प्रेक्षकाचे काय? महाभारतात प्रेक्षक एकच होता आणि तो घरी बसला होता. धृतराष्ट्र! संजयाला त्याचा पहिला प्रश्नच असा, की माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केले? 'माझ्या' हा शब्द आधी. पक्का फुटबॉलप्रेमी. संघ वाईट खेळतो आहे, चुकीचा खेळतो आहे, हरणार आहे, हे सगळे त्याला कळत होते. पण अठरा दिवस तो पुढच्या दिवसाची अपेक्षा करीत राहिला. त्या उपदेशाचा एकही शब्द त्याच्यासाठी नव्हता, आणि संजयाच्या कृपेने ऐकला मात्र त्याने सगळा.

यावर मी बरेच दिवस विचार केला. बँकेत विचाराला वेळ पुष्कळ मिळतो, विशेषतः सिस्टिम बंद असते तेव्हा. आणि मला उत्तर सापडले ते एका आकड्यात. २६ डिसेंबर २०१८. ब्रॅडफर्डविरुद्ध सामना. तिसऱ्या वर्गातला. कडाक्याची थंडी. मैदानात माणसे होती सेहेचाळीस हजार एकोणचाळीस! त्या वर्गातला कित्येक वर्षांतला उच्चांक. दोन वर्षांत दोन पायऱ्या घसरलेल्या संघासाठी खिशातले पैसे खर्चून शेहेचाळीस हजार माणसे सणाच्या दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडली.

म्हणजे प्रेक्षकालाही कर्म असते. यायचे. मफलर गुंडाळून, तिकीट काढून यायचे आणि बसायचे. धृतराष्ट्राने हेच केले नाही. तो घरी बसून फळ मोजत राहिला. जो येतो, त्याची अपेक्षा असली तरी तिच्या मागे थोडीफार शिल्लक असते. अर्थात ती शिल्लक विजयाला पुरत नाही. आमचा खातेदार वीस वर्षे इमानाने पैसे भरतो, म्हणून त्याला वीस टक्के व्याजाचा हक्क मिळत नाही. पण त्याचे पासबुक खरे असावे, हिशेब चोख असावा आणि काउंटरवरच्या माणसाने मान वर करून पाहावे, एवढा हक्क त्याला नक्की मिळतो. तसेच इथे. खेळाडूने धावावे, मालकाने पैसा सरळ मार्गाने वापरावा, ही अपेक्षा. जिंकावे, ही आशा. पहिली पुरी झाली नाही तर जरूर भांडावे. दुसरी पुरी झाली नाही तर आभाळाकडे पाहावे.

आभाळाचा कारभार कसा चालतो तेही पाहा. २६ मे २०१९, वेम्बली. वर जाण्यासाठीचा शेवटचा सामना, चार्ल्टनशी. पाचव्याच मिनिटाला चार्ल्टनने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात घातला. असे दान कर्णानेही दिले नसेल! तरीही संडरलँड हरले. चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला झालेल्या गोलने. 'एका वर्षाचा प्रश्न' चार वर्षे चालला. २०२२ मध्ये ते दुसऱ्या वर्गात आले. पुढे २०२४-२५ च्या मोसमात चौथे आले खरे, पण साखळीतले शेवटचे पाच सामने ओळीने हरून. भाच्याने त्या महिन्यात 'आम्ही' म्हणणे बंद केले होते. "ते लोक" म्हणायचा. आणि २४ मे २०२५ ला, त्याच वेम्बलीवर, शेफील्ड युनायटेडविरुद्ध पंचाण्णवाव्या मिनिटाला गोल करून 'ते लोक' आठ वर्षांनी वरच्या वर्गात गेले. तत्क्षणी पुन्हा 'आम्ही' झाले.

गोल करणारा टॉम वॉटसन एकोणीस वर्षांचा पोरगा, आणि त्याचे ब्रायटनला जायचे आधीच ठरलेले होते. तो त्याचा संडरलँडसाठीचा शेवटचा सामना. म्हणजे बदलीची ऑर्डर खिशात! आमच्याकडे बदलीची ऑर्डर खिशात असलेला माणूस पेनला टोपणसुद्धा लावून जात नाही. ज्याच्याकडून गावाने काही अपेक्षा ठेवायचे कारण उरले नव्हते, त्याने फळ दिले. आणि चौऱ्याण्णव व पंचाण्णव यांच्यामध्ये हिशेबाच्या दृष्टीने फरक किती? एक मिनिट. त्या एका मिनिटासाठी सहा वर्षे.

यावर कोणी म्हणेल, पहा, शेवटी अपेक्षा खरी ठरली! तसे मी म्हणणार नाही. दरवर्षी खाली जाणारे तिघेही 'पुढच्या वर्षी परत' म्हणतात, आणि त्यांतले कित्येक येत नाहीत. एखाद्याला लॉटरी लागली म्हणून तिकीट ही गुंतवणूक ठरत नाही. संडरलँड २०२५ मध्ये हरले असते तरी त्या शेहेचाळीस हजारांचे येणे तितकेच खरे राहिले असते. मला आवडले ते हे.

आणि हेवा वाटला तो आणखी एका गोष्टीचा. मुंबईत महिंद्र युनायटेड नावाचा संघ होता. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकली. २०१० मध्ये तो संघ बंद झाला. खाली गेला नाही, बंद झाला. कुपरेज मैदानावर जाऊन ओरडणारी काही मंडळी तेव्हा होती. त्यांना 'पुढच्या वर्षी बघा' म्हणायची सोय उरली नाही. खाली ढकलले जाणे ही शिक्षा खरी, पण त्या शिक्षेच्या पोटात एक कबुली असते, की तुम्ही अजून शाळेत आहात. वर्ग उतरला, हजेरीपटावरचे नाव गेले नाही.

जुन्या लेजरमध्ये पान संपले की तळाला बाकी काढायची आणि नव्या पानावर पहिल्या ओळीत लिहायचे : मागील पानावरून पुढे. बाकी येणे असो वा देणे असो, ओळ तीच. हातातले पान कितीही वाईट गेले तरी मला ती ओळ लिहिताना कधी वाईट वाटले नाही. खाते बंद करतानाचा शिक्का मात्र मी नेहमी जरा हलक्या हाताने मारतो.