गप्प बसण्याची पाळी

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला काही महिने परक्या देशात, परक्या कुटुंबात ठेवायचे आणि तेवढा काळ त्याच्या तोंडातून त्याची स्वतःची भाषा काढून घ्यायची, या पद्धतीला भाषाशिक्षणात आज मानाचे स्थान आहे. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, तसेच हे, असे म्हणतात. बी.एड. करताना आम्हीही हेच शिकलो आणि ते खोटे नाही. पण मुलाला मुके करण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या अटीवर, हे कोणी विचारत नाही. आम्हांला हा प्रश्न पद्धतीचा नव्हे, नीतीचा वाटतो.

'मुके करणे' हा शब्द जड वाटेल. पण पहिले काही आठवडे तेच घडते. आपल्या शाळेत वर्गाला हसवणारा मुलगा तेथे जेवताना मीठ मागण्यापलीकडे काही बोलू शकत नाही. विनोद त्याला कळेपर्यंत बाकीचे हसून मोकळे झालेले असतात. दिवसभर कान देऊन ऐकल्याने संध्याकाळी डोके ठणकते. अक्कल पंधरा वर्षांची आणि जीभ चार वर्षांची, अशी त्याची अवस्था होते. लोक त्याच्याशी मोठ्याने आणि तुटक बोलतात, जणू तो बहिराच आहे. अमेरिकेत मिडलबरी येथे १९१५ पासून उन्हाळी भाषाशाळा चालतात. तेथे विद्यार्थी शिकत असलेल्या भाषेशिवाय दुसरी भाषा बोलणार नाही, असे लिहून देतो. पैसे भरून लोक ही शपथ घेतात आणि आनंदाने पाळतात.

हाच नियम एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या अनेक शाळांतही होता. वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात एक लाकडी फळी अडकवत. पुढचा कोणी वेल्श बोलला की फळी त्याच्याकडे जाई आणि शेवटी ज्याच्या गळ्यात राही त्याला मार बसे. नियम एकच, 'आपली भाषा बोलू नकोस'. एका ठिकाणी ते शिक्षण झाले आणि दुसऱ्या ठिकाणी अपमान. असे का? संमती होती-नव्हती म्हणून, हे उत्तर लगेच सुचते, पण ते अपुरे आहे. अल्पवयीन मुलाची संमती बहुधा त्याच्या बापाची असते, आणि वेल्समधल्या कित्येक आईबापांनाही आपल्या मुलाला इंग्रजी यावी असेच वाटत होते.

फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवरचा आल्सास प्रांत या प्रश्नाचे वेगळे उत्तर देतो. आल्फोन्स दोदे यांची १८७३ सालच्या संग्रहातली 'शेवटचा धडा' ही कथा आपल्याकडे अनेकांना बारावीच्या इंग्रजी पुस्तकामुळे ठाऊक असते. १८७१ मध्ये आल्सास जर्मनीकडे गेला, शाळेत फ्रेंच बंद झाली, म्हणून मास्तर गहिवरतात. वाचताना आपलाही गळा दाटतो. कथा ज्या आल्साससाठी रडते, तेथल्या खेड्यांतली बहुतेक मुले घरी आल्सेशियन बोलत. ती जर्मन कुळातली बोली. म्हणजे मास्तरांची फ्रेंचसुद्धा त्या मुलांच्या दृष्टीने शाळेचीच भाषा होती. पुढे १९४० मध्ये नाझींनी तेथे फ्रेंच बोलण्यावर बंदी घातली, माणसांची फ्रेंच नावे बदलली, डोक्यावरच्या फ्रेंच टोपीलाही मनाई केली. १९४५ नंतर फ्रेंच सरकारने प्राथमिक शाळांतून जर्मन काढली आणि फ्रेंच बोलणे झोकदार असते अशा पाट्या लावल्या. मैदानात आल्सेशियन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत. राज्य कोणाचेही येवो, गप्प बसायचे ते त्या मुलानेच.

आम्हां कोकणातल्या उर्दू शिक्षकांना हे वाचून चमकायला होते. रत्नागिरी-रायगडच्या आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी उर्दू नाही, कोकणी बोलतात. ते पुस्तकातली उर्दू शाळेत येऊन शिकतात, आणि तोंडून कोकणी शब्द निघाला तर 'साफ जबान में बोलो' म्हणून टोकणारेही काही शाळांत भेटतात. मादरी जबानीच्या नावाने चालणाऱ्या शाळेत खरी मादरी जबान दाराबाहेर राहते, हे आमच्या समाजात अजून मोकळेपणी बोलले जात नाही.

पुन्हा त्या सीमेकडे येऊ. सत्तर वर्षांत तीन युद्धे लढल्यावर १९६३ मध्ये द गॉल आणि आडेनाउअर यांनी एलिझे करार केला. त्याच वर्षी दोन्ही देशांतल्या तरुणांसाठी एक संयुक्त संस्था निघाली. तिच्या मदतीने आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुण वेगवेगळ्या कार्यक्रमांतून एकमेकांना भेटले. आमच्या कामाचा त्यांतला एक, २००० सालापासून चालणारा 'व्होल्तेर' कार्यक्रम. शाळकरी मुलांच्या जोड्या लावतात. जर्मन मुलगी सहा महिने फ्रेंच मुलीच्या घरी राहते, तिच्या शाळेत बसते. फ्रेंच मुलगी सहा महिने जर्मन घरी. जेवणाखाणाचे, राहण्याचे पैसे कोणी कोणाला देत नाही. तुमची मुलगी आमच्या घरी, आमची तुमच्या.

यात नियम बदललेला नाही. पाहुणी मुलगी मुकीच होते. पण जिच्यासमोर ती अडखळते, तिलाही पुढे तिच्या घरी जाऊन तसेच अडखळायचे आहे किंवा ती तसे अडखळून आलेली आहे. चुकीच्या उच्चाराला हसताना दहा वेळा विचार करावा लागतो. यजमान आईलाही ठाऊक असते की आपले लेकरू दुसऱ्या कोणाच्या ताटावर बसणार आहे. आमच्या मते वेल्समधली ती फळी आणि हे मौन यांतला खरा फरक एवढाच आहे, की येथे गप्प बसण्याची पाळी दोघांना येते.

पाळी नसेल तर नुसता प्रवास फारसे काही देत नाही. माल्टात आणि इंग्लंडच्या समुद्रकाठच्या गावांत दर उन्हाळ्यात इंग्रजी शिकायला मुलांचे जथे येतात. राहण्याचे पैसे दिलेले असतात. सकाळी वर्ग, दुपारी आपल्याच देशाच्या मुलांबरोबर भटकंती. गिऱ्हाइकाला कोणी मुके करत नाही. कोकणातल्या वाचकाला तर उदाहरण शोधायला लांब जायला नको. दुबई, कुवेतमध्ये पंचवीस वर्षे काढून आलेल्या कितीजणांना अरबीत धड संभाषण करता येते? मुक्कामाची खोली आपल्या लोकांची, बाजारात हिंदी-उर्दू चालते, कचेरीत इंग्रजी. अरबाच्या घरी पाहुणा म्हणून बसण्याचा प्रसंगच येत नाही. अमेरिकेने २००६ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमातून तिकडची शाळकरी मुले मात्र मोरोक्को-जॉर्डनमधल्या कुटुंबांत राहून अरबी शिकून आली. त्या उपक्रमाच्या नावातच 'राष्ट्रीय सुरक्षा' हे शब्द होते. ज्या माउलीने त्या मुलांना आपल्या दस्तरखानावर बसवले, तिच्या मेहमाननवाजीत हा शब्द कोठे बसतो, ते आम्हांला उलगडत नाही. मुलांचा त्यात दोष नाही, ती बहुधा मनापासूनच गेली असतील.

पण युरोपची आरती आम्ही ओवाळणार नाही. १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार जर्मनीत आले, त्यांची मुले जर्मन शाळांत बसली. ती रोज दोन भाषांत जगत होती. पॅरिसहून सहा महिन्यांनी परतणाऱ्या मुलीचे कौतुक होते, आणि घरी तुर्की, शाळेत जर्मन बोलणारे पोर अडचण ठरते. तिच्या दोन भाषा म्हणजे कमाई, याच्या दोन भाषा म्हणजे वैगुण्य. जर्मन मुलाने तुर्की शेजाऱ्याच्या घरी जाऊन महिनाभर अडखळावे, असे फारसे कोणाला सुचले नाही. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात, तुर्की विनोदी लेखक अझीझ नेसिन यांच्या नावाची एक प्राथमिक शाळा आहे. तेथे जर्मन आणि तुर्की दोन्ही भाषांतून शिकवतात. अशी शाळा अपवाद म्हणून सांगावी लागते, यातच सगळे आले.

महाराष्ट्रात याहून वेगळे काय आहे? २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. आम्हांला त्यात तक्रारीचे कारण दिसत नाही. उर्दू शाळांत मराठी आधीही शिकवत होतेच, आणि मराठी ही आमचीही भाषा आहे, नाहीतर हा लेख आम्ही कोणत्या भाषेत लिहिला असता? तक्रार पाळीची आहे. दहावीनंतर उर्दू शाळेतला मुलगा मराठी किंवा इंग्रजीच्या वर्गात जातो आणि पहिले सहा महिने शेवटच्या बाकावर गप्प बसतो. परदेशी न जाता, कोणी शपथ न घेववता. त्याला कोणी यजमान नसतो. शिक्षक त्याला 'कच्चा' म्हणतात. त्याच वर्गातल्या मराठी मुलाला उर्दूचा एक शब्द वाचता यावा, मुसलमान मित्राच्या घरी आठ दिवस राहून तो जरा गोंधळावा, अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. उर्दू गझल मात्र त्याला आवडते.

काहीजण म्हणतील, उर्दू शिकून त्या मुलाचा फायदा काय? फायद्याच्या हिशेबाने फ्रेंच मुलीलाही इंग्रजीच पुरली असती. जर्मन शिकल्याने तिला नोकरी मिळो न मिळो, पलीकडच्या घरात आजी काय पुटपुटते ते तिला कळते.

आम्ही काही शिक्षकांनी गेल्या वर्षी एक साधी गोष्ट सुचवली. दिवाळीच्या सुट्टीत उर्दू शाळेतल्या दहा मुलांनी मराठी घरांत आठ दिवस राहावे आणि मे महिन्यात त्या घरांतल्या मुलांनी आमच्याकडे यावे. विमान नको, पासपोर्ट नको, एसटीचे तिकीट पुरे. पालकसभेत कुजबुज झाली. मुलीला परक्या घरी कसे पाठवायचे, नमाजाचे काय, मटणाचे काय. हे प्रश्न खरे आहेत, ते उडवून लावण्यात अर्थ नाही. मग मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, येणारा मुलगा मासे खातो का, की त्याच्यासाठी वेगळी भाजी करावी लागेल? पुढच्या दहा मिनिटांत आमच्या बाजूची सात नावे लिहून झाली. पलीकडच्या शाळेकडून अजून दोनच आली आहेत.