खडीवरची चार अंडी

मे महिन्यात लोहाऱ्यातल्या आमच्या घरामागं एक ब्रास खडी येऊन पडली. मागच्या अंगणात खोली वाढवायची होती आणि अण्णांची एकच अट होती, कॉलम भक्कम पाहिजेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप ज्यानं पाहिलाय, त्याच्याशी या विषयावर वाद घालता येत नाही. त्या पहाटे किल्लारीपासून आमच्या तालुक्यातल्या सास्तूरपर्यंत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. जवळपास दहा हजार माणसं गेली. जी वाचली, ती नंतर कित्येक दिवस छपराखाली जायला घाबरत होती.

खडी पडल्यावर चार-पाच दिवसांनी सकाळी ब्रश करत मागं गेलो, तर एक टिटवी ओरडत थेट डोक्यावरून गेली. पुन्हा वळली, पुन्हा ओरडली. ती कशासाठी चिडलीय ते कळायला मला दहा मिनिटं लागली. ढिगाच्या माथ्यावर, दगडांतच जरा खोलगट जागा करून चार अंडी ठेवलेली. मातकट रंग, काळे ठिपके. नजर हलली की पुन्हा सापडत नव्हती.

टिटवी घरटं बांधतच नाही. ना काडी, ना कापूस. उघडी जमीन हेच तिचं घर. ती माळावर, शेतात असते हे माहीत होतं. पण आमच्या अंगणात?

घरात लगेच दोन पक्ष पडले. आजी म्हणाली, टिटवीचं ओरडणं चांगलं नसतं. अण्णा खुश, कारण टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोरात, असं आपल्याकडं म्हणतात. आई म्हणाली, “आधी स्लॅब पडू द्या, मग काय पडायचा तो पाऊस पडू द्या.”

मी मोबाइल उघडला. पिल्लं बाहेर यायला साधारण चार आठवडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर पक्ष्याची अंडी नष्ट करणं हीसुद्धा शिकारच. मिस्त्री म्हणाले, उचलून पलीकडं ठेवू. कॅनडातल्या ओटावात २०१८ साली संगीत महोत्सवाच्या जागेवर टिटवीच्याच कुळातल्या एका पक्ष्यानं अशीच अंडी घातली होती, आणि जाणकारांनी ती थोडी थोडी सरकवत हलवली होती. आमच्याकडं असे जाणकार नव्हते. मी जाहीर करून टाकलं, महिनाभर काम बंद. फोटो स्टेटसला टाकला. दिवसभर हार्ट येत राहिले. फार बरं वाटलं.

संध्याकाळी मिस्त्री घमेली, थापी पोत्यात भरत होते. म्हणाले, “पाखरू जगू द्या की दादा. आम्ही कुठं नको म्हणतो? पण आमचा खाडा कुनाच्या नावावर मांडायचा?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मिस्त्री आणि दोन मजूर, तिघांची महिन्याची रोजी मी एका वाक्यात पक्ष्याला देऊन टाकली होती. ती माझी नव्हतीच. दया माझी, कौतुक माझं आणि उपास दुसऱ्याच्या घरात.

२०२० साली तमिळनाडूतल्या पोत्ताकुडी गावात रस्त्यावरच्या दिव्यांच्या स्विचबोर्डमध्ये एका पक्ष्यानं अंडी घातली, तेव्हा गावानं महिन्याहून जास्त दिवस रस्त्यावरचे दिवे बंद ठेवले. ही गोष्ट आपण ‘किती गोड’ म्हणून फॉरवर्ड करतो. मला आता त्यातलं वेगळंच दिसतं. तिथं अंधार गावानं वाटून घेतला होता. मी मात्र स्वतःच्या घरात पंख्याखाली बसून दुसऱ्यांच्या वाट्याला अंधार दिला होता.

नवीन मोबाइलसाठी साठवलेले पैसे होते. त्यातून आणखी खडी मागवली आणि ती समोर, गल्लीच्या बाजूला टाकून घेतली. मागच्या ढिगाभोवती दोरी बांधली. तिसऱ्या दिवशी काम सुरू झालं. बुडालेले दोन दिवस मी मिस्त्रींच्या हिशोबात धरले. ते नको म्हणाले, मग घेतले.

टिटवीला यातलं काहीच माहीत नव्हतं. रोज आम्हा सगळ्यांवर सारखीच ओरडायची. कॉलमवर मारलेलं पाणी खाली साचायचं. भर उन्हात ती त्यात पोट भिजवायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर जाऊन बसायची, अंडी तापू नयेत म्हणून. अण्णा दाराशी बसून ते बघायचे. एकदा म्हणाले, “भूकंपानंतर आम्ही असंच उघड्यावर झोपायचो. कुनी म्हनलं नाही, हे आंगण आमचं हाय, उठा.”

मग मला कायद्याचं कलम आठवायची गरज उरली नाही. कागदावर अंगण अण्णांच्या नावावर आहे. पण जिला भिंतच नाही, तिला ‘माझ्या हद्दीत का आलीस’ हे विचारणार कसं?

जूनमध्ये तीन पिल्लं बाहेर आली. त्याच दिवशी आईमागं तुरुतुरु चालत कुंपणाबाहेर गेली. परत कुणी आलं नाही. चौथं अंडं तसंच राहिलं. स्लॅबच्या दिवशी मागची खडी उचलायची वेळ आली, तेव्हा मिस्त्रींनी फावडं थांबवलं, ते अंडं हातानं उचललं आणि लिंबाखाली नेऊन ठेवलं.

मी फोटो काढला नाही.